सुरेखाबाईंची साक्ष

सुरेखाबाईंना जगात दोनच गोष्टींचा खरा तिटकारा होता. एक पातळ आमटी आणि दुसरी तहसील कचेरी. नवऱ्याची सगळी हयात साताऱ्याच्या कचेरीत कारकुनी करण्यात गेली. त्यामुळे घरात पानावर मीठ-लिंबाच्या बरोबरीनं जिरायत, बागायत, गावठाण, बिगरशेती हे शब्दही वाढले जायचे. कुणाचा बांध कुणी कोरला, कुणाची नोंद कुणी फिरवली, हे ऐकत ऐकत बाईंनी पोळ्या लाटल्या. नवरा गेला, मुलगा पद्माकर आईला सिंगापूरला घेऊन आला, तेव्हा विमानातच त्या मनाशी म्हणाल्या होत्या, सुटले बाई एकदाची! पण कसलं सुटताय? कपाळी लिहिलेली असली की जमीन समुद्र ओलांडूनसुद्धा माणसाच्या मागं येते.

पद्माकर सेम्बावांगच्या गोदीत बोटींची इंजिनं दुरुस्त करून घ्यायच्या कामावर होता. नोकरीत स्थिरावल्यावर त्यानं जवळच सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. त्याच्या आनंदात पहिला मिठाचा खडा टाकला तो आईनं.

"विकत घेतलास ना? मग खालची जमीन कुणाची?"

"सरकारची. आपला नव्याण्णव वर्षांचा हक्क."

"म्हणजे घर आपलं आणि जमीन नाही? आणि हे तू इंजिनियर होऊन घेतलंस?"

पद्माकरनं कपाळाला हात लावला. पुढं बाईंच्या लक्षात आलं की खालच्या मजल्यावरची चिनी आजी, समोरचा मलाय ड्रायव्हर, सगळेच असेच राहतात आणि रात्री स्वस्थ झोपतात. मग त्यांनीही तो विषय सोडला. सोडला म्हणजे काय, महिन्यातून एकदा काढायच्या.

या घरातली खरी मजेची गोष्ट होती ती सून. नाव संजीवनी, वर्ण पिठासारखा गोरा, डोळे निळे आणि मराठी इतकी अस्सल की भाजीवाल्या तमिळ अण्णाची मान दर वेळी वळायची. ती ओदेसाजवळच्या एका खेड्यातली. पद्माकरच्या कंपनीची बोट तिकडं बांधून होत होती, तेव्हा तो तिथं वर्षभर होता आणि ही बंदरात दुभाष्याचं काम करत होती. तिकडच्या थंडीत पद्माकरला न्यूमोनिया झाला. साहेबलोक आपापल्या खोल्यांत आणि हा एकटा तापानं फणफणलेला. तेव्हा हिनं त्याला उचलून आपल्या आईच्या घरी नेलं आणि दोघी मायलेकींनी बीटाचं लालभडक सार पाजून पाजून त्याला उभा केला. पुढं काय झालं असेल ते सांगायला ज्योतिषी नको.

साताऱ्याला लग्न लागलं तेव्हा सगळं गाव गोळा झालं होतं. लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरले, पद्माकरनं अंगठीनं त्यात नाव लिहिलं. नाव ठरवलं होतं सुरेखाबाईंनी. माझ्या पोराला हिनं मरणाच्या दारातून आणलं, म्हणून हिचं नाव संजीवनी. चारचौघांनी वाहवा केली. मुलीनं ताटाकडं पाहिलं, अक्षरं काही तिला वाचता येत नव्हती, पण हसली. नगरपालिकेत लग्नाची नोंद करताना कारकुनानं तेच नाव लिहिलं. मग रेशनकार्डावर तेच, भारताचं नागरिकत्व घेतलं त्यावर तेच, पासपोर्टवर तेच. नाव बदलल्याचं राजपत्रात छापून घ्यायचं असतं, ते मात्र राहून गेलं. ज्यांच्या घरी जन्मभर दुसऱ्यांच्या नोंदी झाल्या, त्यांच्याच घरी ही नोंद राहिली! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

आणि ते पहिलं नाव? ल्युद्मिला. सुरेखाबाईंनी ते कधी तोंडातून काढलं नाही. जीभ वळत नाही, म्हणायच्या. बोलायची वेळ आलीच तर "ते पहिलं नाव" म्हणून मोकळ्या व्हायच्या.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. एका रविवारी संजीवनीचा तिच्या आईशी फोन झाला. आई म्हणजे गाल्याबाई. त्यांच्या घरी फोन नव्हता, गावातल्या पोस्टात येऊन बसायच्या. फोन ठेवून संजीवनी आली ती चेहरा खुललेला. सुरेखाबाई पावट्याच्या शेंगा निवडत होत्या. ती शेजारी फतकल मारून बसली.

"आई, आमच्याकडे जमिनी लोकांच्या नावावर करतायत."

"लोकांच्याच होत्या ना त्या? तुमच्याकडं तर सगळं लोकांचंच म्हणायचे."

"लोकांचं म्हणजे सरकारचं. आईनं जन्मभर अंगणात द्राक्षं लावली, जर्दाळू लावले, पण कागदावर तिचं काही नव्हतं. नुसतं वापरायला दिलेलं. आता घराभोवतीचं अंगण तिच्या मालकीचं झालं. शिवाय सामुदायिक शेती मोडली, त्यातला एक वाटा तिला मिळाला."

"आणि गुरं चारायचं रान?"

"ते गावाचं. ते कुणालाच नाही."

"गायरान," बाई समाधानानं म्हणाल्या. गायरान तिकडंही असतं म्हटल्यावर त्यांना तो देश एकदम ओळखीचा वाटायला लागला.

गाल्याबाईंना आता हे सगळं एकुलत्या एका लेकीच्या नावावर करून द्यायचं होतं, डोळे मिटायच्या आत. पण लेक आता भारताची नागरिक, तिकडच्या हिशेबानं परकी. परक्याला जमिनीची मालकी नाही. शेतातला वाटा नाहीच नाही. तो गाल्याबाईंच्या शेजारी राहणाऱ्या भाच्याला द्यायचा, तोच कसत होता. घर मात्र परक्याच्या नावावर होऊ शकत होतं आणि घराखालची, अंगणाची जमीन कराराने वापरायला मिळत होती.

"म्हणजे वर्ग दोन!" सुरेखाबाईंनी शेंग हवेत उडवली. "मालकी सरकारची, भोगवटा आपला. हा तुझ्या नवऱ्याचा फ्लॅट तरी दुसरं काय आहे? पण ऐक माझं. गाल्याबाईंना म्हणावं, आधी एनए करून घ्या."

"आई, तिकडे एनए नसतं," आतून पद्माकर ओरडला.

"जमीन आहे ना? मग एनए असणारच. तू इंजिनं बघ."

बाईंनी इतका धोशा लावला की पुढच्या फोनला संजीवनीनं खरंच तो निरोप दिला. तिकडच्या ग्रामकचेरीतला माणूस म्हणे खो खो हसला. अंगण घराचंच आहे, त्याला बिगरशेती कशाला करायचं? सुरेखाबाई म्हणाल्या, हसू दे, हसणारेच पुढं फशी पडतात.

पण फशी पडायची वेळ आली ती ह्यांच्यावरच.

संजीवनीनं आपल्या पासपोर्टची प्रत तिकडच्या नोटरीला पाठवली होती. त्यानं ती पाहिली, गाल्याबाईंकडची लेकीची जन्मनोंद पाहिली आणि कागद परत सरकवले. तुमची मुलगी ल्युद्मिला. ही कुणी संजीवनी. ह्या बाईचा आणि तुमचा संबंध काय? दोन्ही बाया एकच असल्याचा पुरावा आणा, नाहीतर घर देता येणार नाही. भाच्याच्या तोंडाला पाणी सुटलंच होतं. कुंपण दोन हात सरकवायला त्याला कितीसा वेळ?

फोन ठेवून संजीवनी स्वयंपाकघरात आली आणि फरशीवर बसली.

"माझ्या आईला विचारतात, ही बाई कोण," एवढंच म्हणाली.

 सुरेखाबाईंच्या डोळ्यांपुढं ताटातले तांदूळ उभे राहिले.

पद्माकर दुसऱ्याच दिवशी भारतीय हायकमिशनमध्ये चौकशी करून आला. दाखला मिळेल. दोन्ही नावांनी हिला ओळखणाऱ्या माणसानं समक्ष शपथेवर सांगायला हवं. नवरा चालणार नाही, अशी नोटरीची अट. लग्नाआधीपासून माहीत असलेलं, नाव ठेवताना हजर असलेलं माणूस हवं. असं माणूस अख्ख्या सिंगापुरात एकच होतं आणि ते गुडघा धरून बसलं.

"आज नको रे. जिना उतरवणार नाही."

"लिफ्ट आहे, आई."

"लिफ्टनं चक्कर येते. आणि आज अमावास्या आहे."

दुसऱ्या दिवशी उपास. तिसऱ्या दिवशी पोटात वायू. पद्माकर वैतागला. "शहाण्यानं कचेरीची पायरी चढू नये हे खरं, पण आई, नुसती सही करायची आहे!" बाई म्हणाल्या, "सरकारी काम आणि सहा महिने थांब. चार दिवस थांबलं तर काय बिघडतं?"

खरं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नाही, सांगण्यासारखं नव्हतंच. बाईंना भीती वाटत होती. ही घर घेणार, ते जुनं नाव परत घेणार आणि एक दिवस त्या नावामागं निघून जाणार. गोदीतलं पद्माकरचं काम काय जन्मभर पुरणार आहे? नात ऋचा मोठी झाली, उद्या आपल्या वाटेनं जाईल. आणि ह्या परक्या मुलखात सातव्या मजल्यावर आपण एकट्या, खाली जमीनसुद्धा आपली नाही. सून परकी म्हणून साताऱ्यात नाकं मुरडणाऱ्यांना त्यांनी तोंडावर उत्तरं दिली होती. पण आज त्यांना कळलं होतं की आपल्याला आता हिच्यावाचून एक दिवस काढणं जमणार नाही. असलं काही सुनेला सांगायची रीत त्यांच्या घराण्यात नव्हती.

शनिवारी दुपारी ऋचा त्यांच्या खाटेशी येऊन उभी राहिली. शाळेत इंग्रजी, खाली खेळताना सिंगापुरी इंग्रजी, घरी आज्जीपुरतं मराठी, असं त्या पोरीचं होतं.

"आज्जी, ममा इज क्रायिंग लाह. यू डोंट गो, शी कान्ट गेट द हाउस."

"मराठीत बोल," बाई खेकसल्या.

"ममा रडते. तू जात नाहीस म्हणून," पोरगी म्हणाली आणि निघून गेली. हे मात्र अगदी स्वच्छ मराठीत आलं.

बाई उठल्या. गुडघा कुरकुरला, त्याच्याकडं लक्ष न देता आत गेल्या. संजीवनी वाळलेले कपडे घडी करत होती. डोळे पुसून झाले होते.

"राहू द्या, आई," ती म्हणाली. "तुम्हाला त्रास नको. भाच्यालाच देऊ दे. नुसतं अंगण तर आहे."

सुरेखाबाई दारातच थबकल्या.

हेच वाक्य त्यांनी स्वतः उच्चारलं होतं. वडील गेल्यानंतरच्या भाऊबीजेला माहेरी गेल्या तेव्हा. ओवाळून झालं, भावांनी ताटात लुगडं घातलं आणि मग थोरल्यानं घसा खाकरला. तलाठी ओसरीवर येऊन बसलेलाच होता. हक्कसोडीचा कागद. बहिणी सोडतातच, त्यात नवल ते काय? न सोडेल तिचं माहेर तुटतं. त्यांना शेत नको होतं, कुणी विचारलं असतं तर शपथेवर सांगितलं असतं. विहिरीजवळचं सीताफळाचं झाड तेवढं आपलं म्हणावं असं वाटत होतं, ते त्यांनी लहानपणी हातानं लावलं होतं. पण कुणी विचारलंच नाही. तलाठ्यानं एवढंच सांगितलं, बाई, माहेरचं नाव घाला, सातबाऱ्याला तेच आहे. आणि सुरेखाबाईंनी लिहिलं, मथुरा. लग्न झाल्यापासून ते नाव त्यांनी लिहिलं नव्हतं. नवऱ्याला जुनाट वाटलं म्हणून त्यानं तांदळात सुरेखा लिहिलं होतं. ज्या नावानं जन्माला आल्या, त्या नावानं शेवटची सही केली ती जमीन सोडायला. सही करून त्या हसल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, नुसतं रान तर आहे.

"नुसतं अंगण?" बाई एकदम कडाडल्या. संजीवनीच्या हातातला टॉवेल पडला. "नुसतं अंगण म्हणे! तुझ्या आईनं त्यात जन्म घालवला. सोडते म्हणे! सोडणारी मोठी! सोमवारी जायचं. गुडघा गेला खड्ड्यात."

सोमवारी तिघी निघाल्या. ऋचाच्या शाळेला सुट्टी होती. सेम्बावांगचं एमआरटीचं, म्हणजे मेट्रोचं, स्टेशन नवंकोरं होतं, गाडीत गारेगार. वाटभर बाई पुटपुटत होत्या, "ल्यु... ल्युद... ल्युदमीला."

"मि, आज्जी. शॉर्ट."

"तू गप गं. मी काय परीक्षेला बसलेय?" असं म्हणून त्या पुन्हा पुटपुटायला लागायच्या. संजीवनी खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे कान मात्र इकडं होते.

हायकमिशनमधला अधिकारी दिल्लीकडचा, तरणाबांड, नाकावर चष्मा, बोलायला सभ्य. त्यानं शपथ वाचून दाखवली आणि विचारलं, "माताजी, आपकी बहू का पहले क्या नाम था?"

 बाईंनी इतकी घोकंपट्टी केली आणि ऐन वेळी जीभ टाळूला चिकटली. अधिकारी वाट पाहत राहिला. संजीवनीनं मान खाली घातली. तिनं मदत केली नाही, करायचीही नव्हती.

"ल्युद्मिला," सुरेखाबाई म्हणाल्या. मोठ्यानं, साऱ्या खोलीला ऐकू जाईल असं. "ल्युद्मिला था."

"तो फिर बदला क्यों?"

"हमारे में बदलते हैं."

"हाँ, पर क्यों?" त्याच्या आवाजात टोचणी नव्हती. लिहायचं होतं म्हणून त्यानं विचारलं.

सगळ्या जन्मात हा प्रश्न बाईंना कुणी विचारला नव्हता आणि त्यांनीही कुणाला विचारला नव्हता. मग त्यांच्या त्या सातारी हिंदीत त्यांनी सगळं सांगितलं. पोराचा ताप, परका मुलूख, लाल सार, ताटातले तांदूळ. "मेरे लडके का जीव बचाया, इसलिए मैंने संजीवनी रख्या. चांगला नाम है. लेकिन उसको पूछा नहीं." त्यांनी पदर सावरला. "मेरे को भी नहीं पूछा था किसी ने. लिखो साहेब. ल्युद्मिला और संजीवनी एक ही है. मैंने अपने हात से उसका पहला नाम निकाला, मेरे सिवा कौन बताएगा?"

अधिकाऱ्यानं चष्मा काढून पुसला, लिहिलं, शिक्का मारला. बाईंनी सही केली.  बाहेर आल्यावर ऋचा म्हणाली की भूक लागली, आणि तिघींनी खाण्याच्या टपऱ्या असतात त्या हॉकर सेंटरवर जाऊन डोसे खाल्ले. सांबार पातळ होतं. बाईंनी वाटी चाटूनपुसून संपवली आणि एक अक्षर काढलं नाही, यावरून काय ते समजावं.

कागद तिकडं गेला, त्याचं भाषांतर झालं. मध्ये बरेच दिवस गेले. फोन वाजला की सुरेखाबाई हातातलं काम टाकून उठायच्या आणि मग उगाच कॅलेंडरकडं बघत उभ्या राहायच्या.

शेवटी एका रविवारी तो फोन आला. संजीवनी ऐकत होती, ऐकता ऐकता एकदम खुर्चीत बसली, हसायला लागली, रडायला लागली, आणि तिच्या भाषेत भराभरा काहीतरी विचारत सुटली. मग तिनं फोनवर हात ठेवला.

"झालं, आई! घर माझ्या नावावर झालं. अंगण वापरायचा करारही झाला. नोटरीनं दोन्ही नावं लिहिलीत, एकाखाली एक."

"आणि भाचा?"

"त्याला शेतातला वाटा मिळाला. खूश आहे. जर्दाळू काढायला मदत करीन म्हणतो."

सुरेखाबाईंचा जीव भांड्यात पडला. इतके दिवस छातीवर धोंडा होता, तो कुणीतरी उचलून बाजूला ठेवला असं त्यांना वाटलं. तेवढ्यात संजीवनीनं फोन त्यांच्या हातात दिला. "आईला तुमच्याशी बोलायचंय." आता ह्या दोघींना एकमेकींची एक ओळ कळत नव्हती. पलीकडून गाल्याबाई काहीतरी बोलत होत्या, मध्येच लेकीला लाडानं ल्युदा, ल्युदा म्हणत हुंदका देत होत्या. सुरेखाबाई म्हणाल्या, "हो हो, गाल्याबाई. कळलं. काही काळजी करू नका. पोरगी माझ्याजवळ आहे." पलीकडूनही "दा, दा", म्हणजे त्यांचं हो हो, आलं. झालं की बोलणं!

फोन ठेवल्यावर बाई आपल्या खाटेवर जाऊन बसल्या. संजीवनी मागोमाग आली आणि पायाशी बसली.

"जाशील तू आता तिकडं," बाई भिंतीकडं बघत म्हणाल्या. "जा. जायलाच पाहिजे. तुझं घर आहे."

संजीवनीनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"म्हणून गुडघा दुखत होता होय?" ती म्हणाली आणि इतकी हसली की आतून ऋचा बघायला आली. "अहो आई, मी कुठं जाणार तुम्हाला सोडून? जून-जुलैत जर्दाळू पिकतात. आपण दोघी जायचं. तुम्ही माझ्या आईला आमटी शिकवा, घट्ट."

"मी? विमानात? तिकडं थंडी किती!"

"उन्हाळा असतो. आणि असली थंडी तर सार आहेच."

बाईंनी पदरानं नाक पुसलं. "बघू," म्हणाल्या. त्यांच्या बघूचा अर्थ हो असतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"आई, एक विचारू? तिथं साहेबाला तुम्ही म्हणालात, मेरे को भी नहीं पूछा. तुमचं काय नाव होतं?"

आता काय सांगायचं? नवरा गेला, भाऊ गेले, ते नाव घेणारं तोंड जगात उरलं नव्हतं. सांगून तरी काय होणार? पण दारात नात उभी होती, पायाशी सून बसली होती आणि दोघींना खरंच ऐकायचं होतं.

"मथुरा," बाई म्हणाल्या. "घरी मथू म्हणायचे."

संजीवनीनं ते दोनदा तोंडात घोळवलं. तिला ते बाईंच्या ल्युद्मिलापेक्षा कितीतरी सोपं गेलं. मग ती उठली आणि चहा टाकायला गेली. नवऱ्याला भर मांडवात नावानं हाक मारणारी ती, तिच्या जिभेला हाड असायचं कारण नव्हतं. भांड्यांचा आवाज झाला, गॅस पेटला.

"मथुराताई!" आतून हाक आली. "आलं घालू का चहात?"

ऋचा तोंडावर हात ठेवून खुदकली. सासूला नावानं हाक! साताऱ्यात असती तर चार दिवस घर पेटलं असतं.  सुरेखाबाईंचे डोळे भरून आले, ते त्यांनी भरू दिले.

"ओ," त्या म्हणाल्या. "घाल की गं, ल्युदा."